सगळ्या बघतात तसं

इंजेक्शनच्या औषधाने भरलेली काचेची वायल उजेडात धरून बघायला दहा सेकंद लागतात. तिची मान दोन बोटांत धरून हळूच फिरवायची, आत बुडबुडे होणार नाहीत अशी; मग पाच सेकंद काळ्या पडद्यासमोर, पाच पांढऱ्यासमोर. काळ्यावर काच आणि पांढरे धागे दिसतात, पांढऱ्यावर काळे कण. हे आमच्या कामाच्या पद्धतीत लिहिलेलं आहे, आणि ते लिहिणाऱ्यांत मी एक होते. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या ह्या कारखान्यात मी चौदा वर्षं गुणवत्ता विभागात आहे. तपासणीच्या हॉलमध्ये अठरा मुली अठरा बूथवर बसतात. त्यांच्यापैकी पूर्ण दहा सेकंद बघणारी एकच होती, सातव्या बूथवरची सेजल परब.

सेजल पार्शाची. वय तेवीस. जन्मापासून ऐकू येत नाही. कंपनीने गेल्या वर्षी दिव्यांगांसाठी तीन जागा काढल्या. एकजण आलाच नाही. दुसऱ्याला पायाने अधू असून भांडारात नेमलं, आणि भांडार दुसऱ्या मजल्यावर. तो पावसाळ्यात सोडून गेला. उरली सेजल. तीन डिसेंबरला, दिव्यांग दिनी, तिला शाल दिली, फोटो काढला, आणि तो सूचनाफलकावर लागला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आम्ही सारे एक’.

एक इंद्रिय गेलं की दुसरं तेज होतं, असं लोक म्हणतात. सेजलच्या डोळ्यांत तसं काही नव्हतं. सगळ्यांच्या नेत्रतपासणीचे कागद माझ्याकडे असतात. तिचे डोळे इतर मुलींसारखेच होते. फरक एवढाच की तिच्याशी कोणी बोलत नसे. बाकीच्या दिवसभर हळू आवाजात बोलत. मालिका, नणंदा, धारगळला नवीन उघडलेलं कपड्यांचं दुकान. बोलण्याबरोबर हात चालत आणि बोलण्याच्या लयीत वायल पुढे सरके. मी एकदा बाहेरच्या काचेतून घड्याळ लावून मोजलं, चार ते साडेचार सेकंद. प्रत्येक बूथमध्ये पाच सेकंदांनी लुकलुकणारा एक लहान दिवा असतो. डोळ्यांना त्रास होतो म्हणून सगळ्यांनी त्यावर चिकटपट्टी लावली होती. सेजलचा दिवा उघडा होता. तिला दुसरी कसली लय नव्हती.

त्यामुळे ती जास्त वायली बाद करायची. आणि एका लॉटमध्ये बाद वायलींचं प्रमाण ठरलेल्या हद्दीवर गेलं की सगळा लॉट परत बघावा लागतो. सगळ्या अठरा जणींना. पेडण्याकडे जाणारी कंपनीची बस सव्वापाचला सुटते, ती चुकते. दुसरी सातला.

“मॅडम, आज पण रवाचां?” थांबावं लागणार हे कळलं की अश्विनी विचारायची. अश्विनी सावळ आठव्या बूथवर, सेजलच्या शेजारी. तिचं मूल अडीच वर्षांचं, सासूजवळ ठेवलेलं. हॉलमध्ये सगळ्यांच्या वतीने बोलायची ती.

“लॉट हद्दीबाहेर गेला अश्विनी. मी काय करू?”

“तुमी कायच करू नकात. त्या मोनीक सांगा कोणतरी. देवळात हळदकुंकू लावल्यासारखी एकेक वायल बघता ती.”

बाकीच्या हसायच्या. मोनी म्हणजे मुकी. तिच्यासमोरच म्हणायच्या, तिला ऐकू येत नसे म्हणून. सेजल त्यांचे हसरे चेहरे बघून आपणही थोडं हसायची.

त्या दुष्ट नव्हत्या. जेवणाच्या खोलीत तिला खिडकीजवळचं शेवटचं मेज आपण होऊन सोडलं होतं, तिला मोकळं वाटावं म्हणून. तिथे ती एकटी जेवायची. डबा उघडून आधी सगळ्यांकडे एकदा बघायची, मग खायला सुरुवात करायची. बस चुकली की तिचीही चुकायची. तिची आई धारगळला हमरस्त्यावर उभी असायची, कारण तिथून पार्शाला जाणारी मिनीबस अंधार पडल्यावर मिळत नाही आणि मुलीला मागून येणारी गाडी ऐकू येत नाही.

सेजल वर्षाच्या करारावर होती. फेब्रुवारीत तपासनीसांची वार्षिक परीक्षा असते; त्यात पास झाली तर कायम, नाही तर करार संपणार. बारावीनंतर ती तीन वर्षं घरीच होती. ह्याआधी तिला कुठेही घेतलं नव्हतं, ह्यापुढे कोणी घेईल असं तिच्या घरी कोणालाही वाटत नव्हतं.

परीक्षेची पद्धत सोपी आहे. शंभर वायलींचा एक संच असतो. त्यांतल्या वीस सदोष, ऐंशी निर्दोष. कुठली कशी ते वायलीच्या बुडाला असलेल्या क्रमांकाच्या खुणेवरून कळतं, आणि ती खूण साध्या उजेडात दिसत नाही. मुलीने सदोष काढायच्या; दोन सुटल्या तरी चालतात. संचात निर्दोष म्हणून घातलेल्यांपैकी चारपर्यंत चुकून काढल्या तर चालतं. त्याहून जास्त काढल्या तर नापास. ह्याचं कारण उत्पादनवाल्यांना पटतं तेवढं मला कधी पटलं नाही, पण नियम आहे.

सेजलने वीसच्या वीस सदोष काढल्या. आणि ऐंशीतल्या सात.

मी तिची मागच्या वर्षीची, नेमणुकीच्या वेळची उत्तरपत्रिका काढली. तेव्हा तिने ऐंशीतल्या तीन काढल्या होत्या, म्हणजे पास. त्या तिन्हींचे क्रमांक ह्या सातांत होते. जुन्या तीन आणि नवीन चार.

ज्याने काही काळ प्रयोगशाळेत काढला आहे त्याला असे आकडे बघून बरं वाटत नाही. चुका अशा पडत नाहीत. चुका विखुरतात.

नियमाप्रमाणे मुलीने चुकीची काढलेली प्रत्येक वायल गुणवत्ता विभागाने परत बघायची असते. मागच्या वर्षीच्या कागदावर त्या तीन वायलींसमोर ‘पुन्हा पाहिली, निर्दोष’ असं लिहिलेलं होतं. अक्षर माझं. मला तो दिवस नीट आठवतो. मी त्या बघितल्या नव्हत्या. बिचारीने एवढं जीव ओतून केलंय, पासही होते आहे, उगाच कशाला काथ्याकूट, असं मनात आलं होतं. मी तिच्यावर दया केली होती आणि त्या दयेचा आधार घेऊन माझी पंधरा मिनिटं वाचवली होती.

आता मी त्या सात वायली घेऊन बूथमध्ये बसले. पहिल्यात मला काही दिसलं नाही. मी ती परत फिरवली आणि काळ्यासमोर धरून ठेवली. आठव्या-नवव्या सेकंदाला द्रवाच्या तळातून काहीतरी वर आलं, उजेडात एकदा चमकलं आणि आडवं होऊन नाहीसं झालं. तारली माशाच्या खवल्याच्या शंभराव्या भागाएवढं. मग दुसरं. काचेचे पापुद्रे. द्रव क्षारीय असला की काही वर्षांत आतून काच सोलवटते, आणि हा संच आमच्याच तीन वर्षांपूर्वीच्या मालातून बनवलेला होता. बनवला तेव्हा त्या ऐंशी निर्दोष असतीलही. मागच्या वर्षी तीन सोलल्या होत्या, आता सात. दरवर्षी तो संच परत तपासून त्यावर सही करायची असते. ती सहीही माझीच होती.

सेजल बरोबर होती. उत्तरं चुकली होती.

मी कृष्णनाथ सरांकडे गेले. ते गुणवत्ता विभागाचे प्रमुख, मूळ डिचोलीचेच, मला कामाला लागल्यापासून बघत आलेले.

“बस गे विनिता,” ते म्हणाले. सगळं ऐकून घेतलं, वायल स्वतः खिडकीशी धरून बघितली. त्यांना दिसलं नाही. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे.

“तुला दिसलं ना? मग असणार,” ते म्हणाले. “आता मला सांग, संच चुकीचा असं लिहिलं तर त्यावर पास झालेल्या बाकी सतराजणींचं काय?”

“त्यांची परीक्षा रद्द होते.”

“आणि त्यांनी वर्षभर पास केलेला माल?”

मी हातातली उत्तरपत्रिका मेजावर ठेवली.

“आणि संचावर सही कोणाची?”

“माझी.”

“ऑडिट कधी आहे?”

“बारा मार्चला.”

“मी तुला भीती घालत नाही गे. मी फक्त क्रमाने विचारतो.” त्यांनी वायल माझ्या हातात परत दिली. “ऑडिट झाल्यावर नवीन संच करूया. मी स्वतः लिहून देतो. पण मुलीचा करार त्याच्या आधी संपतो. तिचं काम राहायला पाहिजे की नको?”

“पाहिजे.”

“मग तिला परत बसव. नियमात दोन संधी आहेत ना? समजावून सांग तिला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावरच्या पहारेकऱ्याने फोन केला, कोणीतरी बाई भेटायला आली आहे. मी खाली गेले. हिरव्या लुगड्यातली पन्नाशीची बाई. हातात केळीच्या पानाची पुडी.

“मी सेजलची आवय, पद्मावती,” ती म्हणाली. “ह्यो घरच्यो काजूच्यो ओल्यो बियो. सोलून हाडल्यात. भाजीक होतील.”

मी नको म्हटलं. तिने पुडी पहारेकऱ्याच्या मेजावर ठेवली.

“ती नापास झाली म्हणान कळला. रात्री जेवली नाय. माका काय नीट सांगूक येणा नाय तिका, हातानी सांगता तेवढां समजता.” तिने पदराने हात पुसले. “मॅडम, तिका कसां करूचां तां तुमी सांगा. सांगलां तशां करतली ती. लहानपणापासून तशीच. आमी दोगां असू तवसर ठीक. मागीर कोण आसा तिका?”

“ती चांगलं काम करते,” मी म्हटलं.

“मगे नापास कशी झाली?”

ह्याचं खरं उत्तर दोन वाक्यांत देता आलं असतं. मी म्हटलं, “एक संधी अजून आहे. मी बघते.”

तिने माझे दोन्ही हात धरले. तिच्या हातांना काजूच्या चिकाचे काळे डाग होते. मी ती पुडी घरी नेली आणि भाजी केली. टाकून देणं जास्त वाईट दिसलं असतं.

त्याच दुपारी मी सेजलला माझ्या खोलीत बोलावलं. आमचं बोलणं फोनवर लिहून चालायचं; ती थोडक्यात लिहायची. मी सातांतली एक वायल तिच्यापुढे ठेवली. तिने ती उचलली, फिरवली, दिव्यासमोर धरली, आणि लिहिलं: ‘काच.’

मी लिहिलं: ‘हो. पण परीक्षेत ही बाद करायची नाही.’

तिने वायल परत दिव्यासमोर धरली. मग लिहिलं: ‘काच चालते?’

‘परीक्षेत.’

‘कामात?’

‘कामात चालत नाही.’

‘दिसते तशीच. वेगळी कशी करू?’

मी फोन माझ्याकडे घेतला. खिडकीतून खनिजाच्या ट्रकांची रांग दिसत होती. तिला सात क्रमांक पाठ करायला सांगता आले नसते, वायलींवर क्रमांक दिसत नाहीत. आणि तसं सांगितलं असतं तर ती उघड लबाडी झाली असती. मला लबाडी वाटणार नाही असं काहीतरी हवं होतं. शेवटी मी लिहिलं: ‘सगळ्या बघतात तसं बघ.’

तिने लिहिलं: ‘कशा बघतात?’

तिला खरोखरच माहीत नव्हतं. वर्षभर ती फक्त वायलींकडे बघत होती.

मी उत्पादनाच्या मंगेश चौगुलेंशी बोलले. ते गडहिंग्लजचे, अकरा वर्षं हॉलचे सुपरवायझर. ऐकल्यावर त्यांचा चेहराच उजळला.

“मॅडम, मी कवाधरनं म्हणतोय! पोरगी गुणाची हाय, पन एकटी पडलीया. तिला अश्विनीच्या बूथवर बसवा की आठ दिस, शेजारी. बघून बघून शिकंल. लाईनीचं पन भलं, तिचं पन भलं.”

“अश्विनीला चालेल?”

“तिला काय, बस चुकायची थांबत आसंल तर ती काय बी करंल.”

सेजल आठ दिवस अश्विनीच्या कोपराला कोपर लावून बसली. पहिले दोन दिवस काही घडलं नाही. तिसऱ्या दिवशी मी काचेतून बघितलं तर अश्विनी तिची बोटं धरून वायल फिरवायला शिकवत होती, एक झटका, काळा, पांढरा, पुढे. मग सेजलने दोन बोटं डोळ्यांकडे नेऊन हात हलवला: आत काही आहे. अश्विनीने तिच्या हातून ती वायल घेतली, बघितली, तोंड वेडावलं आणि चांगल्यांत ठेवली. दोघी हसल्या. ह्या वेळी सेजल उगाच हसत नव्हती.

मी तिथून निघून गेले.

पुढच्या परीक्षेत सेजलने वीसांतल्या अठरा काढल्या. ऐंशीतली एक. पास. मी निकालावर सही केली. ऑडिटवाले आले, कागद बघितले, सेजलचा फलकावरचा फोटो बघितला, एकजण म्हणाला की फार स्तुत्य आहे. कृष्णनाथ सरांनी त्याला सांगितलं की ही मुलगी आमच्या सर्वोत्तम तपासनीसांपैकी एक आहे. ते खरं होतं, अश्विनीशेजारच्या त्या आठ दिवसांआधीपर्यंत.

ती कायम झाली. पद्मावतीबाईंचा फोन आला. 

त्यानंतरचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे, आणि ते चांगलं होतं. हे मला स्पष्ट लिहायचं आहे. खिडकीजवळचं मेज रिकामं राहू लागलं. सेजल मधल्या मेजावर, अश्विनी आणि दुसरी एक यांच्यामध्ये. शिगम्याच्या सणाला त्यांनी तिला पेडण्याला नेलं, ढोलापाशी उभं केलं, आणि तिने ढोलाच्या कडेला तळवा टेकवून ताल धरला म्हणून दोन दिवस सगळीकडे तेच सांगत होत्या. त्या तिच्याकडून खुणा शिकल्या. प्रत्येकीला तिने खुणेचं नाव दिलं. मंगेश चौगुलेंचं नाव मिशीवरून बोट फिरवून, कृष्णनाथ सरांचं चष्मा वर सरकवून. मोनी हा शब्द गेला; कोणीतरी चुकून म्हटला तर अश्विनी डोळे वटारायची. पद्मावतीबाई परत एकदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “आता घरात पण हसता, मॅडम. एकटीच फोनात बघून हसता. मी विचारलंय, काय गो? तर म्हणता, मैत्रिणी.” त्यांनी सेजलची खूण करून दाखवली, दोन तर्जन्या एकमेकींत अडकवून.

पण बाकीच्या मुली बोलताना वायलीकडे बघू शकत. सेजलचं तसं नव्हतं. तिला बोलायचं तर हात मोकळे हवेत, ऐकायचं तर समोरच्याच्या तोंडाकडे आणि हातांकडे बघायला हवं. तिच्या बोलण्याचा प्रत्येक सेकंद वायलीतून वजा होत होता. हे साधं गणित आहे आणि मी ते पहिल्या आठवड्यात केलं होतं. त्याला उपायही होते. दर तासाला डोळ्यांच्या विश्रांतीची दहा मिनिटं सगळ्यांना एकाच वेळी द्यायची, गप्पा तेव्हा. काम करताना सगळ्यांनीच गप्प बसायचं. मी तसा एक कागद तयारही केला. मंगेश म्हणाले, “मॅडम, आत्ताशी कुठं लाईन नीट चाललीया. उगं कशाला?” तो कागद माझ्या खणात राहिला. नवीन संचाचाही.

एप्रिलच्या शेवटी एका मंगळवारी मी सत्तावीस हजारांच्या लॉटचा नमुना काढला. तपासणी झाली की आम्ही सव्वाशे वायली काढून परत बघतो. एक सदोष निघाली तर चालते. दोन निघाल्या तर सगळा लॉट परत.

अठ्ठेचाळिसावी वायल सेजलच्या ट्रेमधली होती. तिच्यात काच होती. पापुद्रा नव्हे, चांगला दिसणारा तुकडा, साखरेच्या दाण्याएवढा. असा तुकडा ती पूर्वी पहिल्या सेकंदात काढायची.

चहाच्या सुट्टीत मी ती वायल ॲप्रनच्या खिशात घालून जेवणाच्या खोलीत गेले. सेजल मधल्या मेजाशी होती. पोई मोडून चहात बुडवत होती आणि एका हाताने काहीतरी सांगत होती. चौघीजणी तिच्या हाताकडे बघून हसून लोळायच्या बाकी होत्या. मला बघून तिने माझी खूण केली, भुवईवर आडवी बोटं धरून, दूरचं बघतात तशी. मी तिला बाहेर बोलावलं.

तिने वायल उजेडात धरली. एका सेकंदात खाली केली. मग फोनवर लिहिलं: ‘दिसली होती.’

मी लिहिलं: ‘मग?’

तिने बराच वेळ लिहिलं, थोडं खोडलं, परत लिहिलं. ‘तेव्हाच सगळ्या हसल्या. काय झालं बघायला वळले. परत बघितलं तर वायल ट्रेमध्ये गेली होती. शोधली असती. पण मग उशीर. सगळ्या थांबल्या असत्या.’

मी वाचत होते तोवर तिने फोन परत घेतला आणि खाली जोडलं: ‘मी आता बरोबर करते ना?’

हा टोमणा नव्हता. ती मला विचारत होती, कारण तिला पद्धत मी सांगितली होती. आतून अश्विनीने हाक मारली, मग हाक मारून उपयोग नाही हे आठवून हात हलवत दारात आली. “काय गे मॅडम, काय केलां आमच्या पोरीन? ओरडू नकात हां तिका.”

“नाही,” मी म्हटलं. “काही नाही.”

सेजलला मी मान हलवून दाखवली. ती हो समजली, की काही नाही असं समजली, मला माहीत नाही. ती आत गेली.

माझ्या खोलीत सत्त्याहत्तर वायली बघायच्या उरल्या होत्या. मी एकेक तीन-तीनदा बघून तिची नोंद करायला लागले. चार वाजले, साडेचार झाले. काही सापडत नव्हतं. प्रत्येक वायल ठेवताना सुटल्यासारखं वाटत होतं, आणि आपण काच शोधत नसून ती नसावी म्हणून बघतो आहोत हे मला कळत होतं. असं बघणाऱ्याला दिसत नाही. मी स्वतः मुलींना हे शिकवते. म्हणून मी वेग कमी केला. दुसरी सापडली तर सगळ्या थांबणार होत्या, मंगेश कुठल्या बूथची म्हणून विचारणार होते आणि मला सात म्हणावं लागणार होतं.

पाच वाजून दहा मिनिटांनी बसने अंगणात इंजिन चालू केलं. लॉट सुटल्याचा कागद मिळाल्याशिवाय हॉलमधल्या मुलींना जाता येत नाही. त्या कपडे बदलून जिन्याखाली उभ्या होत्या. त्यांचा गलका वर येत होता. एकतीस वायली उरल्या होत्या.

दारावर कोणी टकटक केली नाही. मान वर केली तर सेजल उभी होती. निळा पंजाबी ड्रेस, केसांत अबोलीची वेणी, खांद्याला डब्याची पिशवी. खाली बाकीच्यांनी ठरवून तिलाच पाठवलं असणार. तिला मी नाही म्हणणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. आणि पाठवल्याचा तिला आनंद झाला होता, तो तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. पहिल्यांदाच ती सगळ्यांच्या वतीने आली होती.

तिने तळवा उलटा करून विचारलं: झालं?

माझ्या डावीकडे एकतीस वायली रांगेत होत्या. त्यांतल्या नऊ सातव्या बूथच्या होत्या. वायलींवरच्या बूथच्या चिठ्ठ्या मला बसल्या जागेवरून वाचता येत होत्या.

मी कागद ओढला. ‘तपासलेले नमुने १२५, सदोष १’ असं लिहिलं, सही केली आणि तो तिच्या हातात दिला.

ती वळली, जिन्याच्या कठड्याशी गेली आणि कागद उंच धरून खाली दाखवला. खालून मोठा ओरडा झाला. तिने तो ऐकला नाही, पण वर उठलेले हात तिला दिसले, आणि ती दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत त्यांच्यात गेली.